तेरेझिनच्या संगीताचा तीन सीडींचा संच : काही महिन्यांच्या वापरानंतर

तिसरी सीडी अडकू लागली आणि विक्रेत्याने परतीची मुदत संपल्याचे सांगून फोन ठेवला, म्हणून परभणीत बसून हे लिहावे लागत आहे. दुसऱ्या महायुद्धात तेरेझिन (आजच्या चेक प्रजासत्ताकात) येथील नाझी छावणीत कैदेत असलेल्या ज्यू संगीतकारांच्या रचना या संचात आहेत. माझी मोठी तक्रार सीडीपेक्षा सोबतच्या आठ पानी पुस्तिकेबद्दल आहे, जिच्यातील तीन पाने कंपनीने स्वतःच्या जाहिरातींना दिली आहेत.

आवाजाविषयी प्रथम माझे मत प्रतिकूल होते. हान्स क्रासाच्या ‘ब्रुंडिबार’ या बालऑपेरातील, म्हणजे मुलांच्या संगीतनाटकातील, वाद्यमेळ इतका तुटपुंजा वाटला, की ध्वनिमुद्रणातच काटकसर केली असावी असा संशय आला. पुढे वाचनात आले, की १९३८ च्या या रचनेचा वाद्यमेळ क्रासाने १९४३ मध्ये तेरेझिनच्या नाझी छावणीत, तेथे कैदेत असलेल्या वादकांना झेपेल असा नव्याने बांधला होता. आता त्यातील गिटार आणि अ‍ॅकॉर्डियनच मला सर्वाधिक आवडतात.

पुस्तिकेत मात्र याचा उल्लेख नाही. गिडेऑन क्लाइनच्या स्ट्रिंग ट्रिओपुढे (तीन तंतुवाद्यांसाठीच्या रचनेपुढे) नुसते ‘१९४४’ छापले आहे. त्यातील मोराव्हिया या चेक प्रदेशातील लोकगीतावर आधारलेला मधला संथ भाग आजूबाजूच्या दोन्ही भागांहून लांब आहे. ही रचना ७ ऑक्टोबरला पूर्ण झाली आणि १६ ऑक्टोबरच्या गाडीने क्लाइनला, त्याच्यासोबत क्रासा, व्हिक्टर उलमान व पावेल हास या संगीतकारांनाही, ऑशविट्झच्या संहार छावणीत नेण्यात आले. या दोन तारखा छापायला एक ओळ पुरली असती.

तारखांचा हा आग्रह चिकित्सेची हौस म्हणून नाही. ‘ब्रुंडिबार’चे तेरेझिनमध्ये ५५ प्रयोग झाले. मुलांना त्यातून घटकाभर मोकळीक मिळे. पण २३ जून १९४४ रोजी रेड क्रॉसच्या पाहुण्यांसाठी छावणीची रंगरंगोटी झाली आणि गर्दी दिसू नये म्हणून हजारो कैदी आधीच ऑशविट्झला पाठवले गेले, तेव्हा हाच ऑपेरा नाझींच्या देखाव्याचा भाग झाला. कैद्यांचा आधार आणि जुलमी सत्तेचा मुखवटा एकाच चालीत असतील, तर कोणता प्रयोग कधीचा हे सांगितलेच पाहिजे. मराठवाड्यात हे फोड करून सांगायला नको : ‘वंदे मातरम्’ सर्वत्र गायले जाते, परंतु निजामी राजवटीत १९३८ साली त्यासाठी विद्यार्थ्यांना शिक्षणसंस्थांतून काढून टाकले गेले, हे ठाऊक असलेला माणूस ते निराळ्या कानांनी ऐकतो.

अडकते ती सीडी उलमानच्या ‘अटलांटिसचा सम्राट’ची. तेरेझिनमध्ये तालमी होऊनही हा ऑपेरा तिथे रंगमंचावर आला नाही. पहिला प्रयोग १९७५ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला झाला. माझ्या प्रतीत त्याचा शेवट अजूनही ऐकू येत नाही. २,१०० रुपये मोजून हे मिळावे, याचा संताप येतो. गायन-वादन उत्तम असूनही संचाला पाचपैकी दोनच गुण देतो. निम्म्या किमतीत मिळाला तर अवश्य घ्यावा. मात्र बिल जपून ठेवावे आणि परतीची मुदत संपण्याआधी तिन्ही सीडी शेवटपर्यंत वाजवून पाहाव्यात.