फिनाले मॅच पेलेट: आमच्या रायफलला 4.50 जुळलं

लेक दहा मीटर एअर रायफल खेळते आणि तिच्या पेलेटची, म्हणजे रायफलच्या शिशाच्या छोट्या गोळ्यांची, जबाबदारी माझी. गुहागरातल्या आमच्या घराची पडवी लांबलचक, त्यामुळे सराव घरीच. एका टोकाला लोखंडी पेटीत टार्गेट, त्या बाजूचं दार कडी लावून बंद.

गेल्या वर्षी सगळे वापरतात म्हणून एकच साइज घेतली. चांगला नेम असूनही मधेच एखादा शॉट 9.2 ला जायचा आणि पोरगी स्वतःला दोष द्यायची. दहाचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा, गुण दशांशात, तिथे हे फार लागतं. ते बघवेना, म्हणून एच अँड एन या जर्मन कंपनीच्या फिनाले मॅच पेलेटचे तीन डबे मागवले: 4.49, 4.50, 4.51 मिमी. एका पेलेटचं वजन तिन्हींत 0.53 ग्रॅम, फरक फक्त डोक्याच्या, म्हणजे पुढच्या टोकाच्या, व्यासात.

किनाऱ्यावरची वाळू धुऊन, वाळवून दोन पिशव्या भरल्या. रायफल त्यांवर टेकवली आणि प्रत्येक साइजचे पाच-पाच शॉट, पाच वेळा. 4.50 ची पाच भोकं कडेपासून कडेपर्यंत साधारण सहा मिमीत बसली. 4.51 ची आठ मिमीपर्यंत पसरली. एवढ्याशा शतांशाने इतका फरक पडेल असं मला वाटलं नव्हतं. दुसऱ्याच्या रायफलला कदाचित 4.49 जुळेल, नळीगणिक हे बदलतं. सपाट डोक्यामुळे कागदाला भोक मात्र तिन्ही साइजचं स्वच्छ पडतं.

पेलेट एकसारखी करायची डायही आणली होती. तिच्यातून काढलं की मागचा घेरही दाबला जायचा, मग नळीत घट्ट बसत नसे. योग्य साइज मिळाल्यावर ती कपाटात गेली.

आमच्याकडे खरी काळजी पावसाळ्याची. दमट हवेत शिशावर पांढरी भुकटी धरते. डबा लाकडी कपाटात ठेवू नका. घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. हाताळल्यावर साबणाने हात धुवायचेच, शिसं आहे ते.

एका दुकानाने पातळ पिशवीत पाठवलेला डबा चेपून आला, आतल्या कित्येक पेलेटचे घेर वाकलेले. ती सरावालाही वापरू दिली नाहीत. आता मागवताना खोक्यात पॅकिंग आणि सगळे डबे एकाच लॉटचे, हे फोनवर आधी कबूल करून घेतो.