केबलवाल्याचं सिक्युरिटी पॅकेज, स्वतःचा डीव्हीआर की सिमचा कॅमेरा? कोकणातल्या घराला काय घ्यावं

गणपती झाले की घराला कुलूप, ते थेट शिमग्याला उघडणार नाहीतर मे महिन्यात. अशा घरांसाठी आता काही ठिकाणी केबलवालाच नेटबरोबर कॅमेरा आणि मॉनिटरिंग असं पॅकेज देतो, आणि मालकाला पण वाटतं की एकच माणूस, एकच बिल, बरं पडेल. पडतंही काही घरांना. पण मुंबईच्या फ्लॅटसाठीची माहिती वाचून गावच्या घराचा निर्णय घेऊ नका, कारण इथे कॅमेरा किती मेगापिक्सलचा यापेक्षा दोन गोष्टी जास्त महत्त्वाच्या आहेत. लाईट गेल्यावर काय चालू राहतं, आणि अलार्म वाजल्यावर घरापर्यंत कोण चालत येतं.

सगळ्यात आधी विचारा की बघणार कोण. बऱ्याच पॅकेजमध्ये केबलवाला कॅमेरे बसवतो, तुमच्या मोबाईलवर ॲप टाकून देतो आणि बघायचं तुम्हीच, म्हणजे रात्री तीनला नोटिफिकेशन आलं आणि तुम्ही गाढ झोपेत असाल तर सकाळी उठून चोरीचा व्हिडिओ बघायचा. अमेरिकेत केबल कंपन्या हा धंदा बरीच वर्षं करतायत. तिथल्या कॉमकास्टच्या एक्सफिनिटी होममध्ये दार-खिडकीचे सेन्सर, मोशन सेन्सर, बॅटरीचा बॅकअप, नेट तुटलं तर मोबाईल नेटवर्कवरून जाणारा अलार्म आणि चोवीस तास माणसं बसलेलं सेंटर असा पूर्ण संच मिळतो. आपल्याला तेवढं सगळं नको, पण रात्री तुमच्याकडे स्क्रीनसमोर माणूस असतो का, तो पहिला फोन कोणाला करतो आणि नेट गेलं तर अलार्म कशावरून येतो, याची सरळ उत्तरं मिळाली नाहीत तर तो कॅमेरा भाड्याने देतोय असं समजा आणि तेवढेच पैसे द्या.

आता लाईटचं. घरात फायबर आलं म्हणजे नेट कायम राहणार असं खूप जणांना वाटतं, पण फायबरच्या टोकाला जो डबा असतो, म्हणजे ओएनयू, त्याला लाईट लागते, केबलवाल्याच्या ऑफिसातल्या मशीनला लाईट लागते, आणि मधे पोलवरून येणाऱ्या वायरवर फणसाची फांदी कधी पडेल सांगता येत नाही. जुनी कोअॅक्स लाईन, म्हणजे टीव्हीची तांब्याची केबल, असेल तर वाटेत सिग्नल वाढवणाऱ्या अॅम्प्लिफायरला पण लाईट पाहिजे. म्हणजे तुमच्या घरात इन्व्हर्टर असून उपयोग नाही, त्याच्या ऑफिसची बॅटरी संपली की तुमचा कॅमेरा मुंबईतून दिसायचा बंद. ऑफिसला बॅकअप किती तासांचा आहे हे पॅकेजच्या किमतीच्या आधी विचारायचं. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा दापोली, मंडणगड, श्रीवर्धनकडच्या काही गावांत लाईट यायला आठवडे लागले, मोबाईल टॉवरही बंद पडले होते, पुढच्याच वर्षी मे मध्ये तौक्ते सिंधुदुर्ग-रत्नागिरीला घासून गेलं. तेवढ्या मोठ्या वादळात कुठलीच सिस्टिम टिकत नाही हे मान्य करूनच चालायचं, पण रोजच्या दोन-चार तासांच्या, पावसाळ्यात रात्रभराच्या भारनियमनाला आणि बिघाडाला टिकली पाहिजे, आणि फरक नेमका तिथे पडतो.

स्वतःचा डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणारा घरातला डबा, इथे पुढे आहे. नेट गेलं तरी घरातल्या हार्डडिस्कवर रेकॉर्डिंग चालूच राहतं. चार कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर मिळून साधारण ५० वॅट धरा, १५० एएचची चांगली बॅटरी फक्त एवढ्यावर ठेवली तर जवळजवळ एक दिवस निघतो (फ्रीज आणि पंखे त्याच लाईनवर नकोत). जागेचा हिशोबही सोपा आहे, २ एमबीपीएसला सेट केलेला एक कॅमेरा दिवसाला साधारण २१ जीबी खातो, चार कॅमेऱ्यांना १ टीबीची डिस्क अकरा-बारा दिवस पुरते, म्हणून महिनाभर बंद राहणाऱ्या घराला ४ टीबी घ्या किंवा फक्त हालचालीवर रेकॉर्डिंग ठेवा. डीव्हीआरचा धोका हा की चोर तोच उचलून नेतो. ओटीवर टीव्हीखाली ठेवू नका, माजघरात किंवा माळ्यावर कुलपाच्या पेटीत ठेवा, हवा खेळेल अशी. २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणमध्ये तळमजल्यावरचं सगळं पाण्याखाली गेलं होतं, त्यामुळे नदीकाठच्या घरांनी तर वरच.

केबलवाल्याच्या पॅकेजमध्ये रेकॉर्डिंग क्लाउडवर जात असेल तर चोराने कॅमेरा फोडला तरी आधीचा व्हिडिओ वाचतो, हा त्याचा खरा फायदा आहे आणि तो लहान नाही. पण चार कॅमेरे चोवीस तास वर पाठवायचे तर ८ एमबीपीएस अपलोड सतत पाहिजे, महिन्याला अडीच टीबीच्या वर डेटा जातो. प्लॅनची लिमिट आणि अपलोडचा स्पीड लिहून घ्या, डाऊनलोडचा आकडा इथे कामाचा नाही.

सिमचा कॅमेरा म्हणजे ४जी सिम टाकायचं, नेटची वायर नको. बागेतल्या मांगराला, गडग्याच्या बेड्याजवळ, होड्या ठेवतात तिथे हाच बरा. व्हिडिओ मेमरी कार्डवर राहतो, तुम्ही बघाल तेवढाच डेटा जातो, तासभर लाईव्ह बघितलं तर साधारण पाऊण ते एक जीबी. सोलर पॅनेलवाला घेतलात तर जून ते ऑगस्ट त्याच्यावर भरवसा नको, झाडाखाली ढगाळ दिवसात बॅटरी भरतच नाही. आणि आधी घरातल्या सगळ्यांचे फोन त्या जागी नेऊन कुठल्या कंपनीची रेंज येते ते बघा. घाटीत, व्हाळाच्या कडेला रेंज पन्नास पावलांवर बदलते.

पण मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती पुढच्या भागाची. अलार्म वाजला, मग? कंट्रोल रूमवाला शेवटी तुम्हाला फोन करणार किंवा ११२ ला. पोलीस स्टेशन तालुक्याला, रस्ता घाटाचा, घर पाखाडी उतरून, गाडी दारात येत नाही. कंपनी म्हणत असेल आमचा गार्ड येईल, तर त्या एजन्सीकडे २००५ च्या खासगी सुरक्षा एजन्सी कायद्याखालचं लायसन्स आहे का बघा आणि गार्ड किती किलोमीटरवरून निघतो ते विचारा. खेड किंवा कणकवलीच्या बाजारपेठेत राहणाऱ्याला हे जमेल, आतल्या वाडीत पहिला पोचणारा माणूस शेजारीच. त्यामुळे सिस्टिम कुठलीही घ्या, अलार्मचा फोन एकाच वेळी तुम्हाला आणि वाडीतल्या दोघांना जाईल अशी सोय पाहिजे. त्या दोघांना आधी विचारून, एकाकडे चावी देऊन, आणि त्यांना स्पष्ट सांगून की एकट्याने आत जायचं नाही, बाहेरचा लाईट लावून हाका मारायच्या, माणसं गोळा करायची. केबलवाला त्यांचे नंबर यादीत घालायला तयार नसेल तर त्याचं पॅकेज मी तरी घेणार नाही.

तरी केबलवाल्याच्या बाजूने एक मोठी गोष्ट आहे, तो जवळ आहे. समुद्रापासून दोन-तीन किलोमीटरात खारा वारा कनेक्टर आणि स्क्रू खातो, आयपी६६, म्हणजे धूळ-पाणी आत जात नाही, असं लिहिलेल्या कॅमेऱ्याच्याही जोडणीत पाणी जातं, रात्रीच्या इन्फ्रारेडला किडे येतात, त्यांच्यासाठी कोळी जाळं करतो, मग रात्रभर खोटे अलार्म. त्यात पाल, मांजर, सकाळी माकडं. चार दिवस खोटे अलार्म आले की माणूस नोटिफिकेशनच बंद करतो आणि मग सगळ्याचाच उपयोग संपतो. आगोटीच्या आधी आणि पाऊस गेल्यावर कोणीतरी शिडी लावून पुसणं, जोडण्या बघणं लागतंच. डीव्हीआर बसवणारा मुलगा तालुक्याहून बोलवायचा तर प्रत्येक फेरीचे वेगळे पैसे, मोठी कंपनी असेल तर तिकीट टाका आणि वाट बघा. केबलवाला तसाही वाडीत पोलवर चढत असतो, वर्षाला दोन फेऱ्या पॅकेजमध्ये लिहून देत असेल तर तेवढ्यासाठी थोडं जास्त द्यायला हरकत नाही.

वीज पडण्याचं त्याला विचारा. फायबरच्या काचेतून वीज येत नाही, पण वायरला आधाराला लोखंडी तार असते, आणि बाहेरच्या कॅमेऱ्यापासून आत येणारी तांब्याची वायर थेट डीव्हीआरपर्यंत जाते. अर्थिंग आणि सर्ज प्रोटेक्टर नसेल तर एका गडगडाटात सगळंच जाईल.

पैशांपेक्षा मालकी बघा. महिना ५०० सांगितले तर तीन वर्षांचे १८,०००, त्यावर १८ टक्के जीएसटी लागला की २१,२४०, आणि शेवटी कॅमेरे कोणाचे? अमेरिकेत चार्टर या केबल कंपनीने ५ फेब्रुवारी २०२० ला स्पेक्ट्रमची होम सिक्युरिटी बंद केली. लोकांनी पैसे मोजून घेतलेले सेन्सर त्याच सिस्टिमला बांधलेले होते, दुसरीकडे चालेनात. केबलवाल्याने उद्या धंदा विकला तर तुमचंही तेच होईल, म्हणून कॅमेरे कुठल्याही रेकॉर्डरला जोडता येणारे, म्हणजे ओएनव्हीआयएफवाले, मागा. ॲपचं मुख्य अकाउंट तुमच्या नंबरवर असू दे, पासवर्ड त्याच्यासमोर बदला, घराच्या आतला व्हिडिओ त्याच्या ऑफिसात दिसायचं कारण नाही, घरात बायामाणसं असतात. ९ एप्रिल २०२५ पासून नव्याने बनणाऱ्या किंवा आयात होणाऱ्या सीसीटीव्हीला सरकारी सुरक्षा चाचणी सक्तीची झाली आहे, तेव्हा जुना स्टॉक स्वस्तात खपवला जातोय का तेही बघून घ्या.

माझं मत सांगतो. घर पूर्ण बंद असेल तर स्वतःचा डीव्हीआर इन्व्हर्टरवर आणि दारापाशी एक सिमचा कॅमेरा, म्हणजे नेटची लाईन गेली तरी एक डोळा उघडा राहील. आई-वडील दोघंच राहत असतील तर केबलवाल्याचं पॅकेज घ्या, कारण त्यांना चोरापेक्षा जास्त वेळा बंद पडलेलं मशीन चालू करून देणारा माणूस लागतो, फक्त पॅनिक बटण आहे का बघा. होमस्टेवाल्यांनी गेट, पार्किंग आणि ऑफिस एवढंच, पाहुण्यांच्या खोलीत किंवा बाथरूमच्या बाजूला कॅमेरा अजिबात नको. आणि चिऱ्याच्या जाड भिंतीतून वाय-फाय मागच्या पडवीपर्यंत जात नाही, वायरलेस कॅमेरा कोणीही विकत असला तरी तिथे वायरच ओढा.

पैसे देण्याआधी त्याच्यासमोर घराचा मेन स्विच बंद करा, राउटरची वायर काढा, आणि दार उघडून बघा की वाडीतल्या त्या दोघांचे फोन वाजतात का.