पोकळ भिंतीवर टीव्ही: स्टडमध्ये लॅग स्क्रू की बोर्डात टॉगल बोल्ट?

जिप्सम बोर्डाच्या भिंतीत लाकडी स्टड, म्हणजे बोर्डामागचा उभा आधार, सापडत असेल, तर लॅग स्क्रूच, म्हणजे लाकडात पिळायचा षटकोनी डोक्याचा जाड स्क्रू. स्टड बहुधा ४०० किंवा ६०० मिमी अंतरावर असतात. स्टड फाइंडर नसेल तर साधं लोहचुंबक भिंतीवरून फिरवा, बोर्डाच्या स्क्रूवर ते चिकटतं. मग बारीक ड्रिलने स्टडच्या दोन्ही कडा शोधून मध्य काढा. ८ मिमी जाडीच्या लॅग स्क्रूसाठी आधी ५ मिमीचं भोक हवं. हे टाळलं की लाकूड चिरतं, नाहीतर स्क्रूचं डोकं तुटून हातात येतं. स्क्रू कडेला लागला तर सुरुवातीला घट्ट वाटतो आणि नंतर सैल होतो. शेवटचे फेरे हातपान्यानेच द्या.

टॉगल बोल्टला १३ मिमीच्या आसपास भोक लागतं, आत पट्टी उघडून बोर्डाला मागून धरते. जागा हवी ती मिळते, ही खरी सोय. पण वजन अखेर १२.५ मिमीच्या जिप्समवरच. भिंतीलगतच्या फिक्स ब्रॅकेटवर हलका टीव्ही चालतो. बाहेर ओढायचा आर्म मात्र नकोच: टीव्ही पुढे आला की वरचे बोल्ट उपटले जातात, बोर्डाचा भुगा होतो. पाकिटावरचा वजनाचा आकडा बहुतेक वेळा सरळ खाली लटकणाऱ्या भाराचा असतो, हे कोणी वाचत नाही.

स्टड पत्र्याचा असेल तर लॅग स्क्रू नुसता फिरत राहतो. तिथे टॉगल बोल्ट स्टडच्या पत्र्यातूनच आरपार घ्या.