स्मिथ, रिकार्डो की मिल: आधी कोणाला हातात घ्यावं?

अभिजात अर्थशास्त्रातलं, म्हणजे अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञांचं, एकच पुस्तक वाचण्याइतका वेळ असेल, तर खरी निवड तिघांत होते. ॲडम स्मिथचं ‘वेल्थ ऑफ नेशन्स’ (१७७६), डेव्हिड रिकार्डोचं ‘प्रिन्सिपल्स ऑफ पॉलिटिकल इकॉनॉमी अँड टॅक्सेशन’ (१८१७) आणि जॉन स्टुअर्ट मिलचं ‘प्रिन्सिपल्स ऑफ पॉलिटिकल इकॉनॉमी’ (१८४८). तिघेही खुल्या व्यापाराच्या बाजूचे, म्हणून तिघांचं म्हणणं साधारण एकच असेल असा समज होतो. पण मजूर, जमीन आणि सरकार हे तीन विषय काढले की तिघांच्या वाटा वेगळ्या होतात. माझा कौल आधीच सांगून टाकतो: सुरुवात स्मिथपासून करा, पण पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सलग वाचू नका.

स्मिथ वाचायला सर्वांत सोपा, कारण तो उदाहरणातून बोलतो. पहिल्याच प्रकरणात टाचण्यांचा कारखाना येतो. दहा माणसं कामं वाटून घेतात आणि दिवसाला ४८ हजार टाचण्या करतात. एकट्यानं सगळं करायला घेतलं असतं तर प्रत्येकाच्या वीसही झाल्या नसत्या. श्रमविभागणीचं हे कौतुक बहुतेकांना माहीत असतं. पण त्याच पुस्तकाच्या पाचव्या भागात स्मिथ म्हणतो, की आयुष्यभर तीच दोन-चार साधी कामं करणाऱ्या माणसाची बुद्धी बोथट होते, म्हणून गरिबांच्या मुलांच्या शिक्षणाकडे सरकारनं लक्ष द्यायला हवं. ही दोन्ही प्रकरणं एकापाठोपाठ वाचली की बाजारभक्त म्हणून रंगवलेला स्मिथ उरत नाही.

मजुरीवरचं प्रकरण (पहिल्या भागातलं आठवं) तर आजही अंगावर येतं. मजूर एकत्र आले की बोभाटा होतो, पण मालक मजुरी वाढू नये म्हणून कायम आतून एकमेकांशी जुळवून असतात आणि त्याची चर्चाही होत नाही, असं तो स्पष्ट लिहितो. व्याजाच्या दरावर कायद्यानं मर्यादा असावी, असंही त्याचं मत होतं. नाहीतर पैसा उधळ्यांच्या आणि सट्टेबाज योजना काढणाऱ्यांच्या हाती जाईल, अशी त्याला धास्ती होती. आणि ईस्ट इंडिया कंपनीवर, व्यापारी राज्यकर्ते झाले की काय होतं यावर, त्यानं जे लिहिलं ते आपण तरी चुकवू नये. चौथ्या भागातलं सातवं प्रकरण त्यासाठी काढा. तो ज्या ‘अदृश्य हाता’साठी ओळखला जातो (प्रत्येकानं स्वतःचा फायदा पाहिला तरी नकळत समाजाचंही भलं होतं, ही कल्पना), तो या जाडजूड पुस्तकात एकदाच येतो. पहिल्या भागाच्या शेवटी जमिनीच्या खंडावरचं (भाड्यावरचं) प्रकरण आहे, त्यात चांदीच्या भावाचा लांबलचक इतिहास येतो. पहिल्या वाचनात तो खुशाल गाळा.

रिकार्डो अगदी वेगळ्या घडणीचा. लंडनच्या शेअर बाजारात त्यानं मोठी संपत्ती कमावली होती. १७९९ मध्ये बाथ इथं स्मिथचं पुस्तक त्याच्या हाती पडलं आणि तिथून तो या विषयाकडे वळला. त्याच्याकडे किस्से नाहीत, गणित आहे. सातव्या प्रकरणातलं त्याचं गणित असं: ठरावीक वाइन तयार करायला पोर्तुगालला वर्षभर ८० माणसं लागतात, ठरावीक कापडाला ९०. इंग्लंडला त्याच वाइनला १२० आणि त्याच कापडाला १००. म्हणजे पोर्तुगाल दोन्हींत सरस. तरीही इंग्लंडनं कापड देऊन वाइन घेतली, तर १२० माणसांचं काम १०० मध्ये भागतं. पोर्तुगालनं वाइन देऊन कापड घेतलं, तर ९० चं काम ८० मध्ये. दोघांचाही फायदा. हा तर्क कागदावर स्वतः मांडून पाहा, मगच तो पटतो. पण त्याच प्रकरणात रिकार्डो एक अट घालतो: भांडवल देशाबाहेर सहजासहजी जात नाही. ती अट आज जवळपास उरलेली नाही, आणि वर्गात हा सिद्धांत शिकवताना ती बहुधा गाळली जाते. याचा मला खरोखर राग येतो.

रिकार्डोचा दुसरा मोठा विचार जमिनीच्या खंडाचा. लोकसंख्या वाढते तशी हलकी जमीन नांगराखाली येते, धान्य महागतं आणि चांगल्या जमिनीचा मालक काही न करता जास्तीचा वाटा घेतो. धान्य महाग आहे म्हणून खंड मिळतो, खंडामुळे धान्य महाग होत नाही. इंग्लंडातल्या जमीनदारांविरुद्ध आणि परदेशी धान्याची आयात रोखणाऱ्या १८१५ च्या धान्य कायद्याविरुद्ध हे हत्यार होतं. महाराष्ट्रात मात्र ते शेतकऱ्याच्याच मानेवर आलं. इंग्लंडातल्या हेलिबरीच्या ईस्ट इंडिया कंपनीच्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकून आलेल्या प्रिंगल या अधिकाऱ्यानं १८२० च्या दशकाच्या अखेरीस पुणे जिल्ह्याची पाहणी केली. प्रत्येक शेताचं उत्पन्न धरून त्यातून लागवडीचा खर्च वजा करायचा आणि उरलेल्या निव्वळ उत्पन्नाचा, म्हणजे रिकार्डोच्या भाषेत खंडाचा, ५५ टक्के हिस्सा सरकारनं घ्यायचा, असा हिशेब बसवला. कागदावर सिद्धांत चोख होता. शेतांचे आकडे मात्र अविश्वसनीय निघाले, वरून भाव पडले आणि सारा जड झाला. इंदापूर तालुक्यात लोकांनी जमिनी टाकून दिल्या. शेवटी १८३५ पासून गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांना तिथली मोजणी नव्यानं हाती घ्यावी लागली. रिकार्डोचं दुसरं प्रकरण वाचताना इंदापूरची ती पडीक शिवारं डोळ्यांसमोर ठेवा.

रिकार्डोचा प्रामाणिकपणा मात्र मानावा लागेल. यंत्रांनी सगळ्यांचंच भलं होतं, असं तो आधी मानायचा. १८२१ च्या तिसऱ्या आवृत्तीत त्यानं यंत्रांवर नवं प्रकरण घातलं आणि यंत्रांमुळे मजुरांचं नुकसान होऊ शकतं, हे मान्य केलं. ऑटोमेशन आणि नोकऱ्या हा तुमचा प्रश्न असेल, तर एवढं एक प्रकरण (एकतिसावं) आधी वाचलं तरी चालेल.

माल्थसचं काय? लोकसंख्येवरचा त्याचा १७९८ चा निबंध प्रसिद्ध आहे, पण बाजार समजून घ्यायला तो पहिला नको. बाजारात सर्वच मालाला एकाच वेळी गिऱ्हाईक कमी पडू शकतं, यावर तो मित्र असलेल्या रिकार्डोशी आयुष्यभर वाद घालत राहिला. तो वाद पुढे विसाव्या शतकातल्या केन्स या अर्थशास्त्रज्ञाला मोलाचा वाटला. मार्क्स टीकाकार म्हणून वाचायचा असेल तर रिकार्डोनंतरच घ्या. मूल्य श्रमातून येतं, हा धागा तो तिथूनच उचलतो.

मिल हा तिघांत सर्वांत समंजस, आणि सर्वांत लांबण लावणारा. ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडन कचेरीत त्यानं १८२३ ते १८५८ अशी ३५ वर्षं नोकरी केली. उत्पादनाचे नियम निसर्गानं घातलेले आहेत, पण संपत्तीची वाटणी कशी करायची हे माणसाच्या हातात आहे, हा त्याचा कळीचा विचार. मोकळीक हा नियम आणि सरकारी हस्तक्षेप हा अपवाद, असं म्हणून तो ते अपवाद तपशिलात मोजत बसतो. चौथ्या भागातलं सातवं प्रकरण कामगारांनी स्वतः मालक होऊन चालवलेल्या सहकारी संस्थांबद्दल आहे. सहकारी साखर कारखान्याच्या परिसरात वाढलेल्या वाचकाला त्यात फार ओळखीचं सापडेल. त्याआधीचं सहावं प्रकरण वाढ थांबलेल्या समाजाबद्दल आहे, आणि पर्यावरणाची काळजी असणाऱ्यानं ते वाचायलाच हवं.

तेव्हा स्पर्धा परीक्षेसाठी किंवा पदवीसाठी वाचत असाल, तर रिकार्डोचं दुसरं आणि सातवं प्रकरण टाळता येणार नाही. सरकारनं बाजारात कुठवर उतरावं हा प्रश्न छळत असेल तर मिलचा पाचवा भाग. बाकी सर्वांनी स्मिथ: पहिल्या भागातली पहिली तीन, मग आठवं आणि दहावं प्रकरण, नंतर चौथ्या भागातलं सातवं आणि मग पाचवा भाग. आणि तिघांपैकी कोणीही वाचलं, तरी त्यानंतर न्यायमूर्ती रानड्यांचं १८९२ चं डेक्कन कॉलेजातलं भारतीय अर्थशास्त्रावरचं व्याख्यान काढाच. हे सिद्धांत ज्या गृहीतकांवर उभे आहेत ती आपल्या समाजाला कितपत लागू पडतात, हे त्यांनी तिथे एकेक गृहीतक उचलून तपासलं आहे.