वस्तऱ्यासाठी निसणा: बेल्जियमचा कोटिक्यूल की जपानी कृत्रिम दगड?

बेल्जियमच्या आर्देन भागात, विल्साल्मच्या आसपास मिळणारा फिकट पिवळा कोटिक्यूल हा नैसर्गिक निसणा आहे, तर जपानच्या नानिवा कंपनीचा १२००० ग्रिटचा (ग्रिट म्हणजे कणांच्या बारीकपणाचा आकडा; आकडा जितका मोठा तितका कण बारीक) दगड कारखान्यात घडवलेला असतो. वस्तऱ्याची अखेरची धार दोन्हींवर उत्तम येते, परंतु तिथवर जाण्याच्या वाटा भिन्न आहेत.

कोटिक्यूलमधील गार्नेट या कठीण खनिजाचे सूक्ष्म स्फटिक पोलाद झिजवतात. लहान दगडाने त्याचा पृष्ठभाग घासून दाट रबडी (दगडाची भुकटी व पाणी यांचे मिश्रण) तयार केली की काम वेगाने होते, आणि तीच रबडी थेंबाथेंबाने पाणी घालून पातळ करत नेली की दगड सौम्य होत जातो, म्हणून एकाच दगडावर बरेचसे काम उरकते. मात्र प्रत्येक दगडाचा स्वभाव निराळा असतो व तो ओळखण्यास संयम लागतो.

जपानी दगडाचा कण ठरलेला असल्याने परिणाम दर वेळी सारखा मिळतो; पण बोथट वस्तऱ्याला १०००, ५०००, ८००० अशा पायऱ्या चढूनच त्याच्यापर्यंत यावे लागते. वस्तऱ्याची पाठ आणि धार एकाच वेळी दगडाला टेकत असल्याने दोन्ही दगड सपाट राखणे आवश्यक आहे.

नवशिक्याला मी कृत्रिम दगडच सुचवेन. माझ्या गालाला मात्र कोटिक्यूलची मऊ धार अधिक मानवते.