वेबलेट: ‘ओपन’ म्हणजे उघडा की उघडी?

रात्री जेवणं आटोपली की तासभर मी मुक्त सॉफ्टवेअरचं मराठीकरण करते. आधीच्या मंचावर नुसती वाक्यांची यादी समोर यायची. ‘ओपन’ दिसलं की अडलेच: फाईल ‘उघडा’ की फाईल ‘उघडी’ आहे? अंदाजाने लिहिलेलं भलत्याच पडद्यावर चुकीचं उमटायचं आणि मनाला फार लागायचं.

चेक प्रोग्रामर मिखाल चिहार्झ यांनी २०१२ मध्ये सुरू केलेल्या वेबलेट या ऑनलाईन भाषांतर-मंचावर ही अडचण बरीच सुटली. शब्द प्रोग्राममध्ये कुठून आला, आजूबाजूची वाक्यं कोणती, हे तिथेच पाहता येतं. एकवचन-अनेकवचनाला वेगळे रकाने आहेत: ‘१ फाईल हटवली’, ‘५ फाईली हटवल्या’. आपल्याकडे क्रियापदही बदलतं, त्यामुळे हे हवंच. मूळ वाक्यात संख्येच्या जागी असलेली टक्केचिन्हाची खूण (जसं ‘%d’; प्रोग्राम तिथे खरा आकडा भरतो) भाषांतरात गाळली गेली तर इशारा येतो. कंट्रोल-एंटर दाबलं की जतन होऊन पुढचं वाक्य हजर. दुखऱ्या मनगटाला याचं मोल विचारा!

स्क्रीनशॉट मात्र कुणीतरी जोडलेला असेल तरच दिसतो. प्रकल्प चालवणाऱ्यांनो, कळकळीने सांगते, निदान मुख्य पडद्यांचे तरी जोडा.