गांडुळं की नुसती कुंडी?

ओल्या कचऱ्याचं खत घरीच करायचं ठरलं की पहिला प्रश्न हाच पडतो.

गांडूळखत कसदार, यात वाद नाही. पण खतासाठी वापरतात ती 'आयसेनिया फेटिडा' गांडुळं नाजूक. लिंबाची सालं, तेलकट-खारट उरलेली भाजी त्यांना सोसत नाही. मे महिन्यात डबा गच्चीवर उन्हात राहिला तर संपलंच. गावाला जाताना शेजारणीला सांगून जावं लागतं, ते वेगळंच.

भोकं पाडलेली मातीची कुंडी मात्र आपल्या चुका पोटात घालते. तळाशी नारळाच्या शेंड्या, वर बारीक चिरलेली सालं-देठं, त्यावर तेवढाच वाळका पाला किंवा कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा). थोडं आंबट ताक शिंपडायचं. आठवड्यातून दोनदा काठीने ढवळायचं. मूठभर घेऊन दाबल्यावर पाणी गळलं तर पाला वाढवा. आंबूस वास येतो तो हवा कोंडल्यामुळे. चिलटं होतात, खोटं कशाला बोलू? वर कोरड्याचा जाड थर दिला की कमी होतात. दोन-तीन महिन्यांत काळंभोर, भुसभुशीत खत हाती येतं.

फ्लॅटमध्ये मी कुंडीच निवडेन. अंगण, सावली आणि रोज लक्ष घालणारं माणूस असेल, तर खुशाल गांडुळं आणा.